ग्राफिक्स कार्डाची निवड : गरज, हिशेब आणि विवेक
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या मनात आले असेल की, धम्मकार्य करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर संगणकाच्या एका सुट्या भागाची चर्चा कशासाठी? कारण साधे आहे. आपली मुले-मुली आता वास्तुशास्त्र, अंतर्गत सजावट, यंत्र आरेखन, अ‍ॅनिमेशन असे अभ्यासक्रम घेऊ लागली आहेत. प्रवेश झाला, फी भरली, आता सुटलो असे वाटते न वाटते तोच घरी मागणी येते, "ग्राफिक्स कार्डवाला संगणक पाहिजे." मग आई बचत गटातून कर्ज उचलते, वडील भविष्य निर्वाह निधीला हात घालतात, कधी कानातले गहाण पडते. एवढे करून आणलेल्या पेटीत काय आहे, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नसते.

आम्ही बँकेत काम करतो. कर्जाच्या अर्जासोबत दुकानदारांची कोटेशन्स आमच्या टेबलावर येतात. त्यांतील पुष्कळांवर फक्त 'ग्राफिक्स कार्ड ८ जीबी' एवढेच लिहिलेले असते. कार्ड कोणत्या कंपनीचे, कोणत्या मॉडेलचे, कोणत्या पिढीचे, काही नाही. सातबाऱ्यावर गावाचे नाव असावे आणि गट क्रमांकच नसावा, तसा हा प्रकार. अशा उताऱ्यावर कोणी जमीन घेत नाही. मग अशा कोटेशनवर वर्षभराची शिल्लक का द्यावी?

आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत, अभियंते नाही. परंतु विद्यार्थ्यांना विचारून, वाचून आणि प्रत्यक्ष यंत्रासमोर बसून जे समजून घेतले, ते पालकांनाही उमजेल अशा शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत. शिवाय यंदाच्या शिक्षण निधीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्नही कार्यकारिणीसमोर आहे. त्याविषयीचे आमचे मत शेवटी मांडू.

कार्ड नेमके काय करते?

संगणकाचा मुख्य मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यात मोजकेच पण अत्यंत हुशार कामकरी असतात. ग्राफिक्स कार्डावर मात्र हजारो छोटे कामकरी असतात. एकेकट्याची अक्कल थोडी, पण सारे एकाच वेळी राबतात. बँकेतले उदाहरण घ्या. वर्षअखेरचा ताळेबंद जुळवायला एक अनुभवी अधिकारी लागतो. तिथे शंभर माणसे बसवून उपयोग नाही. पण दहा हजार व्हाउचरांवर शिक्के मारायचे असतील, तर शंभर हातच हवेत.

संगणकावरचे चित्र लक्षावधी ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग, त्यावर पडणारा उजेड, सावली यांचा हिशेब जवळजवळ स्वतंत्रपणे करता येतो. म्हणून हे शिक्के मारण्याच्या जातीचे काम आहे. एनव्हिडिया या कंपनीने १९९९ साली 'जीफोर्स २५६' हे कार्ड आणताना 'जीपीयू' हा शब्द रूढ केला. २००६-०७ च्या सुमारास 'क्यूडा' ही प्रणाली आली आणि खेळांसाठी बनलेली कार्डे इतर गणितालाही जुंपता आली. २०१८ साली आलेल्या 'आरटीएक्स' मालिकेत प्रकाशकिरणांचा माग काढणारे वेगळे विभागच कार्डावर बसवले गेले. रेंडरिंग करणाऱ्यांना त्याचा मोठा लाभ झाला.

काम दोन प्रकारचे

विद्यार्थ्यांनी प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. मॉडेलिंग वेगळे आणि रेंडरिंग वेगळे.

मॉडेलिंग म्हणजे वस्तू घडवणे. पडद्यावर भिंत उभी करायची, खिडकी कोरायची, मॉडेल फिरवून पाहायचे. ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप यांसारख्या कार्यक्रमांत या कामाचा पुष्कळ भार प्रोसेसरच्या एकाच कामकऱ्यावर पडतो. तेथे महागडे कार्ड लावूनही काम फारसे झपाट्याने होत नाही. मध्यम कार्ड, वेगवान प्रोसेसर आणि पुरेशी रॅम एवढ्यावर भागते.

रेंडरिंग म्हणजे घडवलेल्या वस्तूचे उजेड-सावलीसह पक्के चित्र काढणे. येथे वेळ जातो. पण हे काम कोण करते, हे आधी विचारले पाहिजे. वास्तुशास्त्राचे पुष्कळ विद्यार्थी 'कोरोना' नावाचे रेंडर इंजिन वापरतात. ते मुख्यतः प्रोसेसरवर चालते. त्यासाठी कार्डावर पैसा ओतणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटार बदलणे. उलट 'लुमिऑन', 'एन्स्केप' यांचा सारा डोलारा कार्डावर उभा असतो. ब्लेंडरमधील 'सायकल्स' दोन्हींवर चालते, पण कार्डावर बरेच वेगाने. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी विद्यार्थ्याने एका कागदावर लिहावे : आमच्या महाविद्यालयात कोणता कार्यक्रम शिकवतात, रेंडर कशात करतात, आणि ते इंजिन कशावर चालते? या तीन उत्तरांवाचून कार्डाची निवड होऊच शकत नाही.

मेमरीचा हिशेब

कार्डाची स्वतःची मेमरी असते. तिला व्हीरॅम म्हणतात. कामकरी कितीही चपळ असले तरी सामान ठेवायला जागा नसेल तर काम अडते. कार्डावर रेंडर करताना दृश्यातील आकार, त्यांवरची पोत-चित्रे, सारे या मेमरीत मावावे लागते. मावले नाही तर कार्यक्रम 'मेमरी संपली' असे सांगून थांबतो, किंवा संगणकाच्या मुख्य रॅमची उसनवारी करतो आणि रांगू लागतो. वेग कमी पडला तर वेळ जास्त लागतो. मेमरी कमी पडली तर कामच होत नाही. म्हणून रेंडरिंगसाठी आधी मेमरी पाहावी, मग वेग.

किती लागते? आपल्याच वारशाचे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने कार्ले येथील चैत्यगृह संगणकावर उभे करायचे ठरवले. सुमारे ४५ मीटर खोलीचे ते दालन, दोन्ही बाजूंना शीर्षशिल्पे असलेले पंधरा-पंधरा खांब, स्तूपामागे सात साधे खांब, वर छताला आजही टिकून असलेल्या लाकडी कमानी. दगडाचा पोत दाखवण्यासाठी ती ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचे चित्र वापरते. हे झाले १ कोटी ६७ लाखांवर ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले तर एका चित्राला ६४ एमबी. पण एका पदार्थाला एक चित्र पुरत नाही. रंग, खडबडीतपणा, उंचसखलपणा, पृष्ठभागाचा कल अशी चार चित्रे लागतात. म्हणजे २५६ एमबी. असे वीस पदार्थ झाले की ५,१२० एमबी, म्हणजे ५ जीबी नुसत्या चित्रांत गेले. त्यात शिल्पांचे आकार आले, पडद्याची व विंडोजची गरज आली. ८ जीबीचे कार्ड येथे काठोकाठ भरते.

आता त्याच विद्यार्थिनीने लांबच्या खांबांना २०४८ ठिपक्यांची चित्रे लावली, तर प्रत्येक चित्र ६४ ऐवजी १६ एमबीवर येते. स्तूपामागच्या सात खांबांपैकी एकच घडवून बाकीचे सहा 'इन्स्टन्स' म्हणून ठेवले, तर मेमरीत आकार एकदाच साठतो. म्हणजे काटकसरीने काम करणाऱ्याला लहान कार्डही बरेच पुरते. शिकाऊ कामाला ८ जीबी चालेल, पण रेंडरिंगच जिचा अभ्यास आहे तिने शक्य असल्यास १२ किंवा १६ जीबीकडे जावे. आणि दोन कार्डे लावली म्हणजे त्यांची मेमरी एकत्र होते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. साधारणपणे दृश्य प्रत्येक कार्डात वेगवेगळे मावावे लागते.

आणखी एक गोष्ट. चित्रातील ठिपकेदार कचरा निम्मा करायचा तर किरणांचे नमुने चौपट घ्यावे लागतात आणि वेळही चौपट लागतो. म्हणून नमुने वाढवत बसण्यापेक्षा ब्लेंडरमध्ये मोफत असलेला 'डीनॉइझर' वापरायला शिकावे. त्यात जे वाचते, ते नवे कार्ड घेऊनही कदाचित वाचणार नाही.

कोणत्या कंपनीचे?

बाजारात तीन नावे आहेत : एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. एएमडीने २००६ साली एटीआय ही कंपनी घेतली, तिचीच कार्डे 'रेडिऑन' नावाने येतात. इंटेलची 'आर्क' कार्डे २०२२ पासून आली. त्याच पैशात एएमडी वा इंटेल कधी कधी जास्त मेमरी देतात, हे खरे. परंतु रेंडर इंजिने क्यूडावर वाढली, आणि काही इंजिने अनेक वर्षे केवळ एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालत आली. हे चित्र बदलत आहे. ब्लेंडरच्या सायकल्सने २०२१ च्या अखेरीस एएमडीच्या नव्या कार्डांसाठी 'हिप' ही सोय केली, तर २०२२ साली इंटेलसाठी 'वनएपीआय'ची. म्हणून कंपनीचा अभिमान बाळगू नये. आपल्या इंजिनच्या अधिकृत यादीत ते कार्ड आहे की नाही, एवढेच पाहावे. दुकानदार 'वर्कस्टेशन कार्ड घ्या' म्हणेल. सॉलिडवर्क्ससारख्या कार्यक्रमांना प्रमाणित अशी ती कार्डे कारखान्याला हवीत. विद्यार्थ्याला सहसा साधे कार्ड पुरते.

नावांचा घोळ

येथे पालकांनी विशेष सावध राहावे. एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो, आणि तो कायदेशीरही असतो. 'आरटीएक्स ३०५०' हे कार्ड २०२२ साली ८ जीबीचे आले. २०२४ साली त्याच नावाने ६ जीबीचे आले, पण त्यात नुसती मेमरीच कमी नव्हती, कामकरीही कमी होते. 'आरटीएक्स ३०६०' २०२१ साली १२ जीबीचे आले आणि पुढच्याच वर्षी ८ जीबीचा दुबळा भाऊ त्याच नावाने बाजारात उतरला. '४०६० टीआय' आणि '५०६० टीआय' दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आली. म्हणून बिलावर पूर्ण नाव आणि मेमरी, दोन्ही लिहून घ्यावे.

लॅपटॉपचे प्रकरण याहून अवघड. नाव तेच, अंतरंग वेगळे. मेजावरच्या संगणकातील 'आरटीएक्स ४०७०' ला १२ जीबी मेमरी आहे, त्याच नावाच्या लॅपटॉपमधील कार्डाला ८ जीबी. शिवाय लॅपटॉप बनवणारा कार्डाला किती वॅट वीज देतो, त्यावर वेग ठरतो. वसतिगृहात राहणाऱ्याला लॅपटॉपच घ्यावा लागेल, तेव्हा वॅटचा आकडा विचारावा. जो घरी राहून शिकतो त्याने त्याच पैशात मेजावरचा संगणक घ्यावा. त्याचे भाग पुढे बदलता येतात.

वीज, यूपीएस आणि जुना माल

आपल्या घरांच्या दृष्टीने वीज हा महत्त्वाचा मुद्दा. 'आरटीएक्स ४०६०' ला ११५ वॅट लागतात, '३०६०' ला १७० आणि '४०९०' ला ४५०. कार्डाला १७० वॅट धरले तर पूर्ण संगणक रेंडर करताना सुमारे ३५० वॅट खातो, असे समजू. साधा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो. वीज गेली की तो क्षणात मान टाकेल. निदान १००० व्हीएचा हवा. स्वस्त, बिननावाचा एसएमपीएस कधीही लावू नये. तो जळताना सोबत कार्डही नेऊ शकतो.

वेळेचा हिशेब करू. एका सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे एका मिनिटाच्या चित्रफितीला १,४४० चित्रे. एका चित्राला पाच मिनिटे लागली तर १२० तास, म्हणजे पूर्ण पाच दिवस, आणि ४२ युनिट वीज. म्हणून थेट व्हिडिओ रेंडर न करता एकेक चित्र वेगळे साठवावे. वीज गेली तर जिथे थांबले तिथून पुढे चालू करता येते. ज्यांच्याकडे भारनियमन आहे, त्यांनी ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

जुन्या कार्डांविषयी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामात अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घेणे पाप नाही, पण पंख्याचा आवाज, तापमान आणि अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे खोटे नाव चढवून विकणारेही आहेत. 'जीपीयू-झेड' हा मोफत कार्यक्रम अशी नकली कार्डे बऱ्याचदा ओळखून दाखवतो.

पारखून घ्या

भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. परंपरेने आले म्हणून, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून मग स्वीकारा, असा त्याचा आशय. तो दुकानातही लागू आहे. लॅमिंग्टन रोडला जा, वा तालुक्याच्या दुकानात. पेनड्राइव्हमध्ये आपली स्वतःची फाइल न्या. ब्लेंडरचे 'क्लासरूम' हे नमुना दृश्य मोफत मिळते, तेही न्या. दोन कार्डांवर तेच दृश्य चालवा आणि घड्याळ लावा. ते शक्य नसेल तर 'ब्लेंडर ओपन डेटा' येथे जगभरच्या वापरकर्त्यांनी नोंदवलेले निकाल सर्वांसाठी खुले आहेत, ते पाहा. पक्के बिल घ्या, त्यावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्या. त्याशिवाय वॉरंटीचा तगादा लावता येत नाही.

पैशाविषयी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सांगितले आहे की, मिळकतीचे चार भाग करावेत : एक उपभोगाला, दोन उद्योगाला, आणि चौथा संकटकाळासाठी राखावा. संगणक हा उद्योगाच्या वाट्यातून घ्यावा. चौथ्या भागाला हात लावून घेतलेले कार्ड कितीही वेगवान असो, घरात एक आजारपण आले की ते विकावे लागते, आणि अर्ध्या किमतीलाही जात नाही. ज्यांना शैक्षणिक कर्ज घ्यायचे आहे त्यांच्यासाठी माहिती : अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी संगणक आवश्यक असेल, तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत त्याची वाजवी किंमत धरता येते. महाविद्यालयाचे पत्र आणि तपशीलवार कोटेशन जोडावे. वेगळे वैयक्तिक कर्ज काढण्यापूर्वी हे जरूर विचारावे.

संस्थेने काय करावे?

आता कार्यकारिणीसमोरील प्रश्न. निधी मर्यादित आहे. सहा विद्यार्थ्यांना थोडे थोडे वाटले तर सहा दुबळी कार्डे येतील, सहाही रात्री बंद पडून राहतील. आमचे मत असे की, अभ्यासिकेत एकच चांगले यंत्र घ्यावे : १६ जीबी मेमरीचे कार्ड, निदान ३२ जीबी रॅम, भरवशाचा एसएमपीएस आणि यूपीएस. विद्यार्थ्यांनी मॉडेलिंग आपापल्या साध्या संगणकावर करावे आणि रेंडर रात्री या यंत्रावर व्हावे.

हिशेब पाहा. रात्रीचे दहा तास म्हणजे ६०० मिनिटे. एका चित्राला एक मिनिट धरले तर ६०० चित्रे, म्हणजे २५ सेकंदांची चित्रफीत एका रात्रीत. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या एका चित्राला ४० मिनिटे लागली तरी सकाळी १५ चित्रे तयार. आठवड्याच्या सात रात्री, सहा विद्यार्थी, एक रात्र अडचणीत असलेल्यासाठी राखीव. रात्रीचा वीजखर्च साडेतीन युनिट. कोणालाही रात्री थांबायचे नाही. संध्याकाळी वंदनेच्या वेळी फाइल लावायची, सकाळी घेऊन जायची. हा मुद्दा आम्ही मुद्दाम मांडतो, कारण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबण्याची परवानगी घरून मिळत नाही म्हणून मुली मागे पडतात. या व्यवस्थेत त्यांचा वाटा मुलांइतकाच राहील.

आक्षेप येईल की, सामायिक वस्तूची काळजी कोण घेणार? त्यासाठी नोंदवही ठेवावी, दोन विद्यार्थ्यांना महिन्याची पाळी द्यावी, आणि पाळी लावताना घरी संगणक नसलेल्याला प्रथम क्रम द्यावा. बुद्धविहाराची सतरंजी, भांडी, ध्वनिक्षेपक आपण वर्षानुवर्षे सामायिकच सांभाळले आहेत. परीक्षेच्या काळात सर्वांना एकाच आठवड्यात रात्र हवी असेल, हीही अडचण खरी आहे. त्यासाठी सत्राच्या आरंभीच सादरीकरणाच्या तारखा नोंदवून पाळ्या बांधाव्या लागतील.

विद्यार्थी मित्रांनो, 'फ्लो' हा लॅटव्हियाचा अ‍ॅनिमेशनपट २०२४ साली आला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांनी तो ब्लेंडरमध्ये केला. ब्लेंडर २००२ पासून सर्वांना मुक्त आहे, कारण त्या वर्षी जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो उभे केले आणि त्याचे हक्क सोडवून घेतले. त्या चित्रपटाचे अंतिम रेंडरिंग दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर झाले, 'ईव्ही' या वेगवान इंजिनात. मोठ्या स्टुडिओंसारखी यंत्रांची फौज त्यांनी वापरली नाही. म्हणजे साधन मर्यादित असले तरी, त्या साधनाला कोणती रीत मानवते हे ओळखणारा माणूस लांब जाऊ शकतो.

कार्यकारिणीला विनंती की, पुढील सभेत हा प्रस्ताव विषयपत्रिकेवर घ्यावा आणि त्या सभेला या सहाही विद्यार्थ्यांना बोलवावे. त्यांनी आपापला कागद आणावा : कोणता कार्यक्रम, कोणते इंजिन, किती मेमरी. कोटेशन आम्ही स्वतः तपासून देऊ.